ओडुंडोंची मडकी पाहिल्यापासून

मॅग्डलीन ओडुंडो. हे नाव आधी कुठेतरी लिहून ठेवा, वहीत, कॅलेंडरवर, मोबाईलमध्ये. बाकीचं मग सांगते.

1950 साली केनियात जन्मलेल्या आणि इंग्लंडमधल्या फार्नहॅम गावी काम करणाऱ्या या बाई मातीची भांडी करतात, असं एका वाक्यात सांगता येतं आणि त्या वाक्यातून काहीच कळत नाही. मी लंडनच्या एका संग्रहालयात दुसरंच काही शोधत चालले होते. एका दालनाच्या कोपऱ्यावरून वळले, आणि काचेमागे एक मडकं मान वळवून माझ्याकडे बघत होतं.

खरंच बघत होतं! खाली वाटीएवढं बूड. त्या एवढ्याशा बुडावर तोल सावरत फुगत गेलेलं पोट, मग एकदम आत ओढून घेतलेली उंच मान, ती किंचित मागे कललेली, आणि वर एका बाजूला पसरत गेलेलं तोंड. अंग सगळं काळं, फक्त खांद्यापाशी त्या काळ्यातून नारिंगी रंगाचा ढग उमटलेला. पाठीवर ओळीने बारीक उंचवटे, माणसाच्या मणक्यांचे असतात तसे. चित्र नाही, नक्षी नाही, ग्लेझचं काचेरी कवच नाही. नुसती माती. मी एका बाजूने पाहिलं, मग दुसऱ्या, मग गुडघ्यांवर बसून खालून पाहिलं, आणि पाऊलभर सरकलं की मानेचा कल बदलत होता. एका जागेवरून ती बाई तोऱ्यात उभी, दोन पावलं पुढे गेलं की कुणाचं तरी बोलणं लक्ष देऊन ऐकतेय. मडक्याला स्वभाव असू शकतो हे मला कुणी आजवर सांगितलं कसं नाही?

मग शेजारची पाटी वाचली. चाकावर केलेलं नव्हे, हाताने घडवलेलं. तिथे मी हललेच. इतका रेखीव घेर चाकाशिवाय? त्या दिवशी ज्यासाठी गेले होते ते पाहायचं राहूनच गेलं आणि त्याची आजही खंत नाही.

तेव्हापासून मिळेल ते वाचते आहे, त्या काम करतात त्याच्या फिल्मा पुन्हापुन्हा लावते आहे. त्या मातीचा गोळा घेतात, मुठीने त्याच्यात पोकळी करतात आणि आतून बाहेरून दोन्ही हातांनी भिंत वर ओढत नेतात. लागेल तिथे मातीची वळी चढवतात. मडकं जागेवर राहतं आणि बाई त्याच्याभोवती फिरते. मग भोपळ्याच्या कवटीच्या तुकड्याने खरवडणं. भिंत पातळ होत जाते, घेर नेमका होतो. सुकलं की गुळगुळीत दगडाने घोटणं. मग अगदी बारीक गाळलेल्या मातीचा पातळ लेप, पुन्हा घोटणं, पुन्हा लेप, पुन्हा घोटणं. मातीचे कण चपटे असतात. दगडाच्या दाबाने ते एकाशेजारी एक आडवे बसतात आणि पृष्ठभाग उजेड परतवायला लागतो. ती झळाळी वरून लावलेली नाही हो, ती मातीच्या आतूनच दाबून बाहेर काढलेली आहे! मला तर हे कळल्यावर रात्री झोप आली नाही.

आमच्या गावच्या कुंभारकाकांना मोबाईलवर फोटो दाखवले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिलं आणि पहिलं बोट ठेवलं ते तळावर. ‘‘ताई, ह्यो खांदा एवढा जड आन् बूड एवढंसं. ओली आसताना बसंल की खाली. थोडं चढवायचं, वाळू द्यायचं, मग पुढचं चढवायचं. घाई केली तर गेलं.’’ मग मान पाहून म्हणाले, ‘‘हितं लई जीव लागला आसंल.’’ मी वाचलेल्या सगळ्या लेखांत इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही. मी विचारलं, काळं कसं झालं असेल? त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. ‘‘धूर कोंडला.’’

अगदी तेच! आणि ही गोष्ट मला सगळ्यात विलक्षण वाटते, कारण नारिंगी आणि काळं ही दोन वेगळ्या मातीची भांडी नाहीत. माती एक, लेप एक. भट्टीत हवा खेळती ठेवली की मातीतलं लोह प्राणवायू घेतं आणि मडकं तांबडं-नारिंगी निघतं. तेच मडकं लाकडाच्या ढलप्यांबरोबर एका बंद भांड्यात कोंडून पुन्हा भाजलं की ढलपे धुमसतात, प्राणवायू संपतो, लोहाचा रंग पालटतो, धुरातला कोळसा मातीच्या रंध्रांत जाऊन बसतो आणि काळा रंग चढतो. कुठे थोडी हवा शिरली तर तिथे नारिंगी ढग राहतो. तो ढग कुठे येणार हे बाई साधारण ठरवू शकतात, पुरतं नाही. मनासारखं झालं नाही तर पुन्हा भट्टीत. आच फार चढू द्यायची नाही, नाहीतर घोटलेली झळाळी जाते. महिनोन्‌महिने दगडाने घोटलेलं भांडं असं धुराच्या हवाली करायचं, याला काय धीर लागत असेल! (विदर्भातल्या महापाषाणयुगीन दफनांत काळी-तांबडी मडकी सापडतात. पोटात काळी, बाहेर तांबडी. ती नागपूरच्या संग्रहालयात मी पूर्वी पाहिली होती आणि पुढे निघून गेले होते. आता जाऊन त्यांच्यासमोर बसायचं आहे, कारण तोही हवा आणि धुराचाच खेळ.)

या बाई मुळात कुंभारकामाकडे निघाल्याच नव्हत्या. लहानपणीचं काही शिक्षण भारतात, काही केनियात. पुढे नैरोबीत जाहिरातींसाठी ग्राफिकचं काम. 1971 मध्ये त्या इंग्लंडला केंब्रिजला गेल्या, तेही ग्राफिकच्याच शिक्षणासाठी. तिथे माती हाताला लागली. मायकेल कार्ड्यू या नावाजलेल्या इंग्रज कुंभाराने सांगितलं, नायजेरियात जा. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या केनियन मुलीला एक इंग्रज माणूस आफ्रिकेत जाऊन मडकी शिक म्हणून सांगतो, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण कार्ड्यूने 1951 साली नायजेरियातल्या अबुजा गावी कुंभारकामाचं केंद्र काढलं होतं आणि तिथे कोण आहे हे त्याला ठाऊक होतं. (अबुजा म्हणजे आजची राजधानी नव्हे. राजधानीने नाव घेतलं आणि जुन्या गावाचं नाव सुलेजा झालं.) 1974-75 मध्ये ओडुंडो तिथे पोचल्या आणि तिथल्या ग्वारी जमातीच्या बायकांच्या हाताखाली शिकल्या.

त्या बायकांत लादी क्वाली होत्या, आणि इथे मला थांबावंच लागणार, कारण एका बाईचा शोध घेताना दुसरी सापडली. क्वाली गावच्या या कुंभारणीने लहानपणी घरच्या बायकांकडून पाण्याचे मोठे माठ करायचं शिकून घेतलं होतं. गोळ्यातून भिंत ओढायची, वळ्या चढवायच्या आणि माठाभोवती उलट पावली फिरत ती थापून वर न्यायची. माठावर सरडे, विंचू, मासे, मगरी कोरलेल्या. कार्ड्यूने तिची भांडी अबुजाच्या अमीराच्या वाड्यात पाहिली आणि 1954 मध्ये ती केंद्रात आली, तिथली पहिली बाई. तिचे हात जुन्याच रीतीने माठ घडवत राहिले, फक्त आता त्यांच्यावर ग्लेझ चढायला लागलं आणि ते खूप चढ्या आचेवर भाजले जाऊ लागले. पुढे युरोप-अमेरिकेत लोक तिचं प्रात्यक्षिक पाहायला गर्दी करायचे. आणि आज नायजेरियाच्या वीस नायराच्या नोटेवर, पाठीमागच्या बाजूला, मडकं घडवणाऱ्या लादी क्वाली आहेत! एका देशाने आपल्या चलनावर कुंभारीण छापली. रोज बाजारात, बसमध्ये, भाजीच्या टोपलीत ती हातोहात फिरते. मला या गोष्टीचा इतका आनंद झाला की भेटेल त्याला सांगत सुटले.

ओडुंडोंनी या बायकांची नक्कल केली नाही, हे मला महत्त्वाचं वाटतं. त्यांनी हातांची रीत घेतली आणि विंचू-सरडे तिथेच सोडले, ग्लेझही तिथेच सोडलं. मग अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या सान इल्देफोन्सो या मूलनिवासी वस्तीत जाऊन मारिया मार्टिनेझ या कुंभारणीची काळी मडकी पाहिली, जिथे पेटलेल्या आचेवर वाळलेलं शेण टाकून धूर कोंडतात. 1982 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमधून बाहेर पडेपर्यंत त्यांचं मडकं त्यांचं झालं होतं. त्यात काँगोमधल्या मांगबेटू बायकांची मागे निमुळती होत गेलेली केशरचना आहे, ग्रीसच्या बेटांवरच्या प्राचीन संगमरवरी मूर्तींचा कल आहे, जुन्या इंग्रज पोशाखांच्या उभ्या गळपट्ट्या आहेत, आणि तरी कशाचीही उसनवारी दिसत नाही. शीर्षकंही बहुतेकांना नाहीत. ‘शीर्षक नाही’ आणि साल, संपलं.

याला शिल्प म्हणायचं की भांडं, असा वाद काही मंडळी घालतात. मला तो वाद जरा उद्धट वाटतो. जणू भांडं ही खालची पायरी आणि तिथून कुणीतरी हात धरून वर घेतलं की मग शिल्प. आफ्रिकेच्या कितीतरी भागांत मडकी घडवणं हे बायकांचं काम, आणि संग्रहालयांनी त्यांची मडकी नेताना गावाचं, जमातीचं नाव लिहून घेतलं, बाईचं नाही. ओडुंडोंचं मडकं पोकळ आहे, तोंड उघडं आहे, पाणी ओतलं तर आत जाईल, आणि ते संगमरवराच्या कुठल्याही मूर्तीशेजारी मान ताठ ठेवून उभं राहतं. 2019 मध्ये वेकफील्डच्या हेपवर्थ संग्रहालयात अगदी हेच झालं. त्यांची पन्नासाहून अधिक मडकी आणि त्यांच्याबरोबर त्यांनीच निवडलेल्या देशोदेशीच्या, काळाकाळाच्या वस्तू, त्यात रोदँ आणि बार्बरा हेपवर्थ यांची शिल्पंही. तेव्हा मला या बाईंचं नावही ठाऊक नव्हतं! फोटो पाहते आणि हळहळते. 2022 मध्ये वेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्या होत्या, 2020 मध्ये ब्रिटनने त्यांना डेम किताब दिला, फार्नहॅममधल्या ज्या कलाशाळेत शिकल्या तिच्या वारसदार विद्यापीठाच्या त्या 2018 मध्ये कुलपती झाल्या. हे सगळं योग्यच, पण मानसन्मान वाचून माझं काही हललं नाही. मला हलवलं त्या मानेच्या कलाने.

आता पुढचं सगळं पाहायचं आहे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधलं आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्टमधलं, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमधलं, वॉशिंग्टनच्या आफ्रिकन कला संग्रहालयातलं. नारिंगी आणि काळं शेजारीशेजारी ठेवलेलं कुठे आहे ते शोधते आहे. सुलेजाला जायचं आहे, तिथे आज कोण माठ घडवतं ते बघायचं आहे. कुंभारकाकांनी परवा आपणहून निरोप पाठवला, की एक छोटं मडकं चाकाशिवाय करून बघितलं, मान काही उभी राहत नाही, फिल्म पुन्हा दाखवा. रविवारी जाणार आहे. आणि वाचकांपैकी कुणी नायजेरियाला निघालं असेल तर माझ्यासाठी वीस नायराची एक नोट नक्की आणा. चुरगळलेली, मळलेली असली तरी चालेल.