सेकंदाचा विसावा भाग

आमच्या इंद्रलोकात गंधर्व नाहीत. पण गुरुवारी माझ्या वडिलांचे, दादांचे, भजन मात्र असते. त्यांचा आवाज आणि पखवाज मी संगणकावर वेगवेगळे मुद्रित केले. आवाजाचे चढउतार जरा आवरावेत म्हणून तो तेवढा एका जुन्या कॉम्प्रेसरमधून बाहेर फिरवून परत आत घेतला. ऐकतो तो काय, प्रत्येक समेला दादा किंचित मागे!

"दादा, वयाने ताल सुटायला लागला," मी बोलून गेलो. दादांनी मुकाट्याने टाळ खुंटीला अडकवले.

पुढे एका रात्री शंका आली. त्याच वाटेने मी नुसता एक ठोका पाठवला. संगणक सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने घेतो. ठोका 2,205 नमुने उशिरा परतला. म्हणजे सेकंदाचा विसावा भाग! आकड्यांची वीज, विजेचे पुन्हा आकडे आणि दोन्ही दारांशी रांग. उशीर तिथे झाला होता. तेवढा आवाज अलीकडे ओढला आणि दादांची सम नेमकी पखवाजावर बसली.

सकाळी त्यांना ऐकवले. "यंत्राला उशीर झाला होता, दादा."

"आणि तुला घाई," दादा म्हणाले, आणि त्यांनी खुंटीवरचे टाळ काढले.