वरठीच्या सायडिंगवरचे इंजिन

वरठी हे नाव स्टेशनाच्या पाटीवर नाही. तिथल्या स्टेशनाला ‘भंडारा रोड’ म्हणतात, आणि भंडारा शहर तिथून दहा-अकरा किलोमीटर दूर. रेल्वेच्या भाषेत ‘रोड’ म्हणजे त्या गावाकडे जाणारा रस्ता इथून फुटतो, एवढेच. गाडी थांबते वरठीत, नाव पुकारले जाते भंडाऱ्याचे. ज्याचा क्रमांकही पुसला गेला होता अशा एका इंजिनाचा शोध घ्यायला आम्ही नेमके अशा गावी आलो आहोत, हे फलाटावर उतरल्यावरच ध्यानात आले.

शोधाचे कारण घरगुती होते. आमचे वडील मालगाडीचे चालक. नागपूर, गोंदिया, दुर्ग हा मार्ग त्यांच्या अंगवळणी पडलेला. लिहिण्याची त्यांना हौस नव्हती, पण खिशात एक वही असे. तीत तारीख, गाडी, इंजिनाचा पाच आकडी क्रमांक आणि क्वचित एखादा शेरा : ‘तेल जास्त पिते’, ‘ब्रेक उत्तम’. त्यांच्या पश्चात वही चाळताना १७ने सुरू होणाऱ्या एका क्रमांकापुढे एकच शब्द दिसला : ‘आपले’. त्यांच्या एका जुन्या सहकाऱ्याला विचारले, तेव्हा तो म्हणाला, की त्याच जातीचे एक डिझेल वरठीच्या सायडिंगवर कितीतरी वर्षे गंजत उभे होते. कदाचित तेच असेल. या ‘कदाचित’ने आम्हांला बाहेर काढले.

ती जात म्हणजे डब्ल्यूडीएम-२. अमेरिकेतील अल्को कंपनीकडून ही इंजिने १९६२ साली भारतात आली आणि १९६४ पासून वाराणसीच्या कारखान्यात बांधली जाऊ लागली. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, वजन ११२ टनांहून अधिक. मूळ अल्को १९६९ मध्ये बंद पडली, तरी वाराणसीत हे इंजिन १९९०च्या दशकापर्यंत तयार होत राहिले. जनकाच्या मृत्यूनंतर संततीने परदेशात नांदत राहावे, तसा हा प्रकार. पुढे १९९०च्या आसपास नागपूर-दुर्ग मार्गावर विजेच्या तारा आल्या, आणि डिझेलला मुख्य रुळावरून हळूहळू बाजूला सरावे लागले.

स्टेशनाबाहेरच्या टपरीवर एका वृद्ध गृहस्थांना आम्ही विचारले. ते हसले.

“गेलं न सर ते इंजन! लय वर्सं उभं होतं. उन्हाळ्यात बकऱ्या बसत त्याच्या सावलीत.”

“त्यावर नंबर काय होता, आठवतो का काका?”

“नंबर कुठचा? रंगच नव्हता राह्यला. मंग एक दिवस गॅसकटर घेऊन आले अन् कापून नेलं. चार-पाच दिवस लागले कापाले.”

त्यांनी दाखवलेल्या जागी आम्ही गेलो. खडीत बुडालेले रूळ, बेशरमाची झुडपे, आणि तेल मुरून काळा पडलेला जमिनीचा एक पट्टा. एवढाच काय तो ऐवज.

इंजिनाचा शेवट कसा होतो, याची एक ठरलेली रीत आहे. ते निकामी ठरवले जाते, कामाचे भाग काढून घेतले जातात, उरलेला सांगाडा लिलावात वजनावर विकला जातो. काट्यावर चढेपर्यंत त्याला क्रमांक असतो. त्यानंतर केवळ टन उरतात. ज्या पोलाद कारखान्यांत विजेच्या भट्ट्या आहेत, तिथे असे भंगार वितळते. वरठीतही सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे, आणि तिथे वाहनांच्या सुट्या भागांसाठी लागणारे मिश्रपोलाद तयार होते. आमचे इंजिन तिथेच वितळले, असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या धुराड्यांकडे पाहताना या देशात जुन्या लोखंडाचे पुढे काय होते, ते डोळ्यांसमोर उभे राहिले.

वाफेच्या इंजिनाला हे भोग तुलनेने कमी आले. त्याच्याभोवती आपण बालगीते रचली, झुकझुकगाडीची चित्रे काढली. नागपुरात मोतीबागेला २००२ मध्ये नॅरोगेजचे संग्रहालयही उभे राहिले. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावरच्या ‘शकुंतले’विषयी लिहिणारा प्रत्येक जण मँचेस्टरमध्ये १९२१ साली घडलेल्या वाफेच्या इंजिनाचा उल्लेख करतो. ते १९९४ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर वीसहून अधिक वर्षे तीच गाडी डिझेलने ओढली. त्याच्या वाट्याला बहुधा ‘मग डिझेल आले’ एवढे अर्धे वाक्य येते. आमच्या पिढीचा जवळजवळ सारा प्रवास डिझेलच्या मागे झाला, आणि आमच्या साहित्यात मात्र ते आवाजापुरतेही नीट उतरले नाही. जे सुंदर वाटले ते लिहिले गेले, जे लिहिले गेले ते जपले गेले. जे नुसते राबले, त्याची नोंद एखाद्या चालकाच्या वहीत उरली. वाङ्मयेतिहासाच्या वर्गात अभिरुचीविषयी इतकी वर्षे बोलूनही ही साखळी आम्हांला वरठीच्या त्या काळ्या पट्ट्यावर उभे राहून दिसली, याची थोडी लाज वाटली.

परतीच्या गाडीत धातुशास्त्र शिकवणारे एक स्नेही सोबत होते. भट्टीत सगळेच नाहीसे होते का, असे आम्ही विचारले. ते म्हणाले, की बरीच मलद्रव्ये मळीत निघून जातात, पण तांबे जात नाही. भंगार निवडताना मोटारीच्या वेटोळ्यांतले तांबे राहून गेले, तर ते पोलादात विरघळते आणि नेहमीच्या शुद्धीकरणाने पुन्हा वेगळे करता येत नाही. ते पोलाद फिरून वितळवले तरी सोबत राहते. पोलादवाले त्याला दोष मानतात. आम्हांला तो दोष वाटेना.

घरी येऊन वही उघडली. त्या क्रमांकापुढे ‘वरठी’ असे लिहावेसे वाटले. पेनही हाती घेतले. पण वरठीचे इंजिन तेच होते, याचा पुरावा आमच्यापाशी नव्हता, आणि वडिलांनी त्या वहीत डोळ्यांनी पाहिल्याखेरीज काही लिहिलेले नाही. ‘आपले’ हा एकच शब्द त्याला अपवाद. तो तसाच राहू दिला.