चुलीचा हिशेब

सायंकाळची वंदना आटोपली की वसतिगृहाच्या सभागृहात ट्यूबलाइट लागत आणि आम्ही मुले सतरंजीवर ओळीने अभ्यासाला बसत असू. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी मी या शाळेत पाचवीत दाखल झालो, तेव्हा मला सर्वाधिक नवल वाटले ते त्या उजेडाचे. गावी आमच्या घरी रॉकेलची चिमणी होती. रेशनच्या दुकानातून मिळालेले रॉकेल महिनाभर पुरवायचे असे. म्हणून जेवणे होताच आई चिमणी फुंकून टाकी. धडा अर्धा राहिला तरी इलाज नसे. वसतिगृहात मात्र दिवा कोणाच्या तेलावर जळतो, वरण कोणत्या सरपणावर शिजते, हा प्रश्न आमच्यापर्यंत कधी पोहोचू दिला गेला नाही. त्याचे मोल मला फार उशिरा कळले.

आमचा जिल्हा कापसाचा. वेचणी संपली की शेतात उभ्या राहणाऱ्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि उन्हाळ्यात थापून ठेवलेल्या गोवऱ्या, एवढेच आमच्या चुलीचे भांडवल होते. दिवसभर दुसऱ्याच्या शेतात राबून परतताना आईच्या डोक्यावर मोळी असे. पावसाळ्यात ओले सरपण धुमसे, ती फुंकणीने फुंकत राही आणि पदराने डोळे पुसत राही. इंधनाला आम्हाला पैसा पडत नाही, असे आम्ही समजत असू. वस्तुतः ती किंमत रोज चुकती होत होती. आईच्या मानेतून, डोळ्यांतून आणि तिच्या विश्रांतीच्या घटकांतून.

पुढे मी शिक्षक झालो, घरी गॅस आला आणि चूल आठवणींत गेली. १ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली आणि आमच्या वस्त्यांमध्येही लाल सिलिंडर दिसू लागले, तेव्हा मनापासून आनंद झाला. वर्गात मी मुलांना सांगत असे की, तुमच्या आजीचा धूर तुमच्या आईच्या वाट्याला येणार नाही.

२०२३ च्या आरंभीची गोष्ट. आठवीतील एक मुलगी वरचेवर उशिरा येत असे. गृहपाठही अपुरा असे. एके दिवशी मी तिला तासभर वर्गाबाहेर उभे केले. ती काही बोलली नाही. चार दिवसांनी तिच्या घरी गेलो. कोपऱ्यात सिलिंडर होते. त्यावर धुतलेले कापड अंथरून वर पाण्याचा हंडा ठेवलेला होता. बाहेर चूल पेटली होती आणि भिंतीशी पऱ्हाट्यांचा ढीग होता. तो रोज पहाटे ती मुलगी आणत होती.

तिची आई म्हणाली, “सिलिंडर आहे जी सर. पन ते भराले अकराशे रुपये एकदम कोठून आनू? पऱ्हाट्या फुकट भेटतेत.”

मी तिला वेचणीची मजुरी विचारली. किलोमागे दहा रुपये, दिवसाकाठी तीसेक किलो कापूस. म्हणजे एका सिलिंडरसाठी तिला एकशे दहा किलो कापूस वेचावा लागणार होता. जवळजवळ चार दिवसांची मजुरी, आणि त्या चार दिवसांत घरात दुसरा खर्चच नाही असे मानून. उज्ज्वलाच्या ग्राहकांना त्या वेळी दोनशे रुपये अनुदान होते हे खरे. परंतु ते मागाहून बँकेच्या खात्यात येते. आधी पूर्ण रक्कम हाती असावी लागते. हातावर पोट असलेल्या घरात नेमकी तीच नसते.

‘फुकट’ हा शब्द मला रात्रभर छळत राहिला. त्या फुकट पऱ्हाट्यांची किंमत एक तेरा वर्षांची मुलगी आपल्या अभ्यासाच्या वेळातून भरत होती, आणि तिचा शिक्षक त्याबद्दल तिलाच शिक्षा करीत होता. ज्याच्या आईने रॉकेल वाचविण्यासाठी चिमणी विझवली होती, त्याला हे दिसू नये, याची लाज मला आजही वाटते.

मार्च २०२३ मध्ये १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरचा दिल्लीतील भाव १,१०३ रुपये झाला. त्याच वर्षी ऑगस्टअखेर तो २०० रुपयांनी आणि मार्च २०२४ मध्ये आणखी १०० रुपयांनी उतरला. एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा ५० रुपयांनी चढला. आपल्या देशात लागणाऱ्या स्वयंपाकाच्या गॅसपैकी निम्म्याहून अधिक बाहेरून येतो. म्हणूनच दूर युक्रेनमध्ये युद्ध पेटले की त्याची झळ वणी-पुसदच्या स्वयंपाकघरापर्यंत पोहोचते. पेट्रोलचे दर २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये नियंत्रणमुक्त झाले. डिझेल महागले की नांगरणी, वाहतूक आणि किराणा सारेच महागते. विजेच्या बिलातही वापर थोडा असला तरी स्थिर आकार चुकत नाही. पगारदाराला महागाई भत्ता मिळतो, म्हणजे मला मिळतो. वेचणीला जाणाऱ्या बाईला कोणता भत्ता?

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून अशा वेळी बाबासाहेबांचे अर्थशास्त्र आठवते. १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या ग्रंथात त्यांनी रुपयाची कसोटी बाजारात लावली: तो किती वस्तू विकत घेऊ शकतो, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. १९२५ च्या विनिमय दराच्या वादातही किमती चढल्या की व्यापारी वर्गाचा लाभ होतो आणि मजुराची खरी मजुरी घटते, हे त्यांनी स्पष्ट केले. पुढे १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना वीज हा विषय त्यांच्याकडे होता. १९४३ मध्ये वीजधोरणाच्या समितीपुढे त्यांनी स्वस्त आणि मुबलक विजेचा आग्रह धरला. औद्योगिकीकरणावाचून दारिद्र्य हटणार नाही आणि स्वस्त विजेवाचून औद्योगिकीकरण होणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. आपण त्यांच्या जयंतीला दिव्यांची आरास करतो. त्या दिव्यातील विजेचाही त्यांनी विचार केला होता, हे मात्र क्वचितच सांगतो.

त्या मुलीची मी वर्गासमोर क्षमा मागितली. शाळा सुटल्यावर एक वर्गखोली तासभर उघडी ठेवू लागलो. ज्यांना घरी उजेड किंवा सवड नाही, त्यांनी तेथेच गृहपाठ करावा. ती मुलगी दहावी उत्तीर्ण झाली. तिच्या घरचे सिलिंडर सणासुदीला आणि पाहुणे आले की पेटते. एरवी चूलच आहे. माझ्या एका तासाने तिच्या आईच्या डोळ्यांतील धूर गेलेला नाही, आणि गेला असे मी म्हणणारही नाही.

माजी विद्यार्थी मित्रहो, या शाळेने आपल्याला अनेक गोष्टी दिल्या. त्यांतील एक कोणत्याही गुणपत्रिकेवर नाही: आपल्या बालपणातून सरपणाचा हिशेब तिने काढून घेतला. तो हिशेब आता शाळेच्या स्वयंपाकघराला दरमहा मांडावा लागतो, आणि आकडे वाढतच आहेत. गॅसचे, धान्याचे, विजेचे बिल पाहून येथे कधी अभ्यासाच्या वेळेतील एखादी ट्यूबलाइट विझविण्याची पाळी येऊ नये. वर्गणी मागणारी पावती समोर आली की मला आईची ती चिमणी आठवते. आपणही आपापल्या घरची आठवावी, एवढीच विनंती.