न हरता माजी

केममध्ये नगरसेवक नसतो. आमची ग्रामपंचायत. इथं सरपंच, सदस्य आणि कुंकवाचे कारखाने. तरी महापालिका आणि नगरपालिकांच्या निवडणुकांवर लिहिणं हा माझा जुना उद्योग आहे, कारण आमची गाडी कुर्डुवाडीवरून सोलापूरलाच जाते. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे पहिल्यांदा आमदार झाले ते करमाळ्यातून, म्हणजे आमच्या तालुक्यातून. सोलापूरच्या नळाचं पाणी उजनीचं, आणि त्या उजनीच्या फुगवट्याखाली आमच्याच तालुक्यातली गावं गेली. एवढं नातं पुरेसं आहे.

माजी नगरसेवक मी पुष्कळ पाहिले. हरलेला माणूस आठवडाभर घराबाहेर पडत नाही, मग कोणत्या बूथवर कुणी दगा दिला याचा हिशेब मांडतो आणि पुढच्या तयारीला लागतो. पण २०२२ च्या मार्चमध्ये वेगळीच जमात तयार झाली. २०१७ साली निवडून आलेल्या सोलापूर महापालिकेची मुदत संपली आणि १०२ च्या १०२ जण एकदमच माजी झाले. यात सत्तेवरच्या भाजपचे ४९ होते, तसा माकपचा एकुलता एक सदस्यही होता. कुणी हरलं नव्हतं. ओबीसी आरक्षणाचा खटला आणि प्रभागरचनेतले बदल यांत निवडणूक अडकली. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये कान पिळले, तेव्हा कुठे १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. मधली जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती.

त्या काळात एका माजी नगरसेवकाच्या ओसरीवर मी बसलो होतो. टेबलावर जुन्या लेटरहेडचा गठ्ठा, आणि प्रत्येक कागदावर ‘नगरसेवक’च्या आधी निळ्या पेनानं ‘माजी’ लिहिलेलं. एक बाई आधारचा पत्ता बदलायला दाखला मागत होती. विद्यमान नगरसेवकाची सही चालते, माजीची चालत नाही. हे सांगताना त्याचा चेहरा पडला. मग त्यानं पोराला गाडी काढायला लावली आणि बाईला आमदारांच्या कार्यालयात पाठवलं. तुंबलेली गटार, चार-पाच दिवसांआड येणारं पाणी, सिव्हिलमधली खाट, सगळी गाऱ्हाणी त्याच्याच दारात. सभागृह नाही, निधी नाही. अधिकाऱ्यानं फोन उचलला तर उचलला.

मग टँकर स्वतःच्या खिशातून, फ्लेक्सही खिशातून. माझ्या मते या चार वर्षांचं खरं नुकसान इथं झालं. ज्याच्याकडे प्लॉटिंगचा किंवा ठेक्याचा पैसा होता, तो ‘माजी’ म्हणून तग धरून राहिला. सूतगिरणीतला कामगार किंवा रिक्षावाला गळला. निम्म्या जागा महिलांच्या. त्यातल्या ज्यांनी पाच वर्षांत खरंच काम शिकून घेतलं होतं, त्यांच्याही घरात ‘आता पुरे’ झालं. संक्रांतीचं हळदीकुंकू मात्र वाढलं. वाण म्हणून आधी प्लॅस्टिकचा डबा मिळायचा, पुढे स्टीलचा. आमच्या कुंकवाला गिऱ्हाईक मिळालं, त्याची तक्रार मी कशी करू!

नगरसेवकपद ही शिडीची पहिली पायरी, असं सगळे म्हणतात. देवेंद्र फडणवीस नागपूरचे नगरसेवक होते, एकनाथ शिंदे ठाण्याचे, सोलापूर शहर मध्यचे आमदार देवेंद्र कोठे इथलेच. पण मला आदर वाटतो तो मृणाल गोरे यांच्या चढणीचा. गोरेगाव ग्रामपंचायतीपासून सुरुवात, १९६१ साली मुंबई महापालिकेत, १९७२ साली विधानसभेत, १९७७ साली लोकसभेत. पद बदललं तरी विषय पाणी, महागाई आणि घर हाच राहिला. त्या सभागृहात नसतानाही लोक त्यांच्याकडे जात, कारण हंडा घेऊन त्या स्वतः रस्त्यावर असत. त्यांचं वजन लेटरहेडवर अवलंबून नव्हतं.

आजच्या रचनेनं तसं वजन कमावणं अवघड केलंय. मुंबईत अजून एका प्रभागाला एकच नगरसेवक आहे. सोलापुरात २६ प्रभाग, बहुतेक चार-चार सदस्यांचे. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती साडेनऊ लाख; म्हणजे एका नगरसेवकाच्या वाट्याला नऊ हजारांच्या आसपास माणसं, पण प्रचार करायचा सदतीस हजारांत. पायी फिरून हे होत नाही. पॅनेल लागतं, पॅनेलला पक्ष लागतो आणि पक्षाला पैसा. निवडून आल्यावर गटार तुंबली की चौघं एकमेकांकडे बोट दाखवतात. ही पद्धत बंद व्हावी, असं मी वर्षानुवर्षं लिहितोय. सत्तेवर कुणीही असो, ती सगळ्यांच्या सोयीची आहे.

हा अंक हातात असेल तेव्हा नवे नगरसेवक खुर्चीत बसून वर्ष व्हायला आलं असेल. सोलापूरकरांनी एक करावं. आपल्या प्रभागातले नगरसेवक सर्वसाधारण सभेत किती वेळा हजर होते आणि काय बोलले, त्याचं इतिवृत्त माहिती अधिकारात मागून घ्यावं. हळदीकुंकवाला जाण्याआधी मागावं.