जवारीची भाकर आणि लाळेची नळी

आमच्या घरात कोणाला काय मानवतं, हे आजीला तोंडपाठ होतं. रिसोड तालुक्यातलं आमचं मोठं खटलं. पण ताटं वाढताना तिचा हात कधी चुकला नाही. धाकट्या काकांना दूध प्यायलं की पोटात गुडगुडायचं. एखादी नवी सून त्यांच्यासाठी पेला भरायला लागली की चुलीपुढून आवाज यायचा, "त्याले दूध नको देऊ वं, त्याले ताक दे." आजोबांच्या दोन्ही भावांना उतारवयात शुगर निघाली होती, म्हणून माझ्या वडिलांच्या पुढ्यात गुळाचा खडा लहान पडायचा. हे कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. तिच्या सासूने तिला सांगितलं, तिने माझ्या आईला.

वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होतं. इंग्रजांच्या काळातला बासिम जिल्हा 1905 मध्ये अकोल्यात विलीन झाला आणि 1 जुलै 1998 रोजी पुन्हा वेगळा झाला. माझं लहानपण या मधल्या काळातलं, आणि ते सगळं जवारीवर पोसलेलं. काथवटीत पीठ घेऊन आजी मध्ये खळगा करायची, गरम पाणी ओतायची आणि तळव्याने इतकं मळायची की पीठ लोण्यासारखं व्हायचं. भाकर थापताना काठ कुठे फाटला तर म्हणायची, "जवारी जुनी झाली." तव्यावर भाकरीला पाण्याचा हात फिरवला की जो वास सुटायचा, त्यानेच आम्ही पोरं उठायचो. सकाळी शिळी भाकर ताकात कुस्करून, दुपारी शेतात भाकरीसोबत ठेचा नाहीतर जवसाची चटणी. थंडीत हुरडा आणि तुरीचे ओले सोले, उन्हाळ्यात आंबील आणि वाळवणावरचे धापोडे. गव्हाची पोळी सणाला. आणि हे खाऊन माणसं बसत नव्हती. वखर, डवरणी, मोटेचं पाणी. रथसप्तमीला डव्ह्याच्या यात्रेला आजोबा पायी जायचे.

त्याच धाकट्या काकांची नात आता पुण्यात नोकरी करते. गेल्या वर्षी तिने आहारासाठी जनुकीय चाचणी करून घेतली. घरी एक डबी येते, तिच्यातल्या नळीत लाळ भरायची, झाकण लावून हलवायची आणि पाठवून द्यायची. काही आठवड्यांनी मोबाइलवर अहवाल येतो. दिवाळीला ती गावी आली तेव्हा ओसरीवर बसून आम्ही तो वाचला. दूध पचण्याची शक्यता कमी. कॉफीतलं कॅफीन शरीरातून हळू उतरतं. मधुमेहाचा धोका सरासरीपेक्षा जास्त. "काका, हे तर आपल्या घरात सगळ्यांना माहीतच होतं," ती म्हणाली.

माहीत होतं खरं, पण का ते माहीत नव्हतं. दुधातली साखर फोडणारं लॅक्टेज लहानपणी जवळजवळ प्रत्येकाच्या आतड्यात तयार होतं. मोठेपणी पुष्कळांमध्ये ते कमी होत जातं. ज्यांच्या लॅक्टेजच्या जनुकाजवळ एका अक्षराचा विशिष्ट बदल असतो, त्यांना म्हातारपणीही दूध पचतं. भारतात हा बदल वायव्येकडे जास्त आढळतो, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी होत जातो. विरजणातले जिवाणू दुधातली काही साखर आधीच खाऊन टाकतात, म्हणून काकांना ताक चालायचं. आजीने अनुभवाने जे ओळखलं होतं, त्याचं कारण तिच्या पणतीला कळलं. मला याचा मनापासून आनंद झाला.

शुगरचंही तसंच. टीसीएफ7एल2 या जनुकाचा मधुमेहाशी संबंध 2006 मध्ये आइसलँडच्या संशोधकांनी दाखवला, आणि लगेच 2007 मध्ये पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे डॉ. गिरिराज चांडक यांच्या चमूने तो भारतीयांतही तितकाच पक्का असल्याचं सिद्ध केलं. पण असा एकेक जनुक धोका थोडासाच वाढवतो. शिवाय हे धोके मोजायची बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून जमलेली. आपल्याकडच्या दहा हजार माणसांच्या जनुकसंचाचं वाचन 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने केलं, त्याची माहिती संशोधकांना जानेवारी 2025 मध्ये खुली झाली. आणि जनुक पाहून आहार ठरवला तर वजन जास्त उतरतं का? स्टॅनफर्डमध्ये 609 माणसांवर वर्षभर हे तपासलं, 2018 मध्ये निष्कर्ष छापून आला: कमी चरबीचा आहार कोणाला आणि कमी पिठूळ कोणाला, हे त्यांचे जनुक पाहून सांगता आलं नाही.

मला खरं दुखतं ते पुढचं. अहवालासोबतच्या सल्ल्यात होतं, भरड धान्य खा, जवारी उत्तम. आता जवारी आणायची कुठून? ऐंशी-नव्वदच्या दशकांत आमच्याकडे सोयाबीन पसरलं आणि आज खरिपात नजर जाईल तिथे सोयाबीन, मध्ये तुरीचं तास. शेतकऱ्याला दोष देता येत नाही. सोयाबीन लवकर निघतं, रोख पैसा देतं, मागे हरभऱ्याला रान मोकळं होतं. जवारीला पाखरं, रानडुकरं आणि रोही. कणसं खुडायला मजूर नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळू लागले, 2023 पासून तर फुकट. बैलच राहिले नाहीत तर कडबा कोणासाठी? सोयाबीन आमच्या शिवारात पिकतं आणि तेलाच्या कारखान्यात जातं. घरात येतं ते पिशवीतलं तेल. आजोबांपासून माझ्यापर्यंत घराण्याचे जनुक काही बदललेले नाहीत. फरक पडला तो ताटात आणि पायांत. आजोबांच्या भावांना साठी उलटल्यावर शुगर निघाली होती, माझ्या चुलतभावाला चाळिशीच्या आत निघाली. यासाठी लाळेची नळी कशाला हवी? वर्षातून एकदा उपाशीपोटी रक्त तपासलं तरी पुरे.

तरीही जुनं सगळंच चांगलं होतं, असं मी म्हणणार नाही. आमच्या गल्लीत एक मुलगा होता. पावसाळ्यात त्याचे सांधे सुजायचे, डोळे पिवळे व्हायचे, तो रात्रभर कण्हायचा. वात म्हणून शेकलं, बाहेरचं म्हणून अंगारा लावला. आजीही त्याच्यासाठी काढे करायची. तो वयात यायच्या आधीच गेला. आज मला वाटतं, त्याला सिकलसेल असावा. विदर्भात हा आजार आहे हे नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोलंकी यांनी 1958 मध्येच 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं होतं. आमच्या गल्लीपर्यंत ते पोचलं नाही. हिमोग्लोबिनच्या जनुकातलं एक अक्षर बदलतं, आणि ताण पडला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. आईवडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात चारातला एक धोका. इथे मात्र आजीचा अनुभव अपुरा पडतो आणि तपासणीच जीव वाचवते. निदान झालं की काय करायचं ते ठरलेलं आहे: भरपूर पाणी, फॉलिक ॲसिड, कडक थंडी आणि उन्हातली अतिमेहनत टाळणं, डॉक्टरांनी सांगितलं तर हायड्रॉक्सीयुरिया. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान 1 जुलै 2023 रोजी सुरू झालं. पहिली चाचणी बोटाच्या थेंबभर रक्तावर होते आणि सरकारी दवाखान्यात तिला पैसे लागत नाहीत.

पुतणीच्या लग्नाचं बोलणं सुरू आहे. तिचे वडील पत्रिका घेऊन आले तेव्हा मी म्हटलं, पत्रिका पाहा, पण दोन्ही घरांनी आधी सिकलसेलची तपासणी करून घ्या. मुलाकडच्यांना हे कसं सांगायचं म्हणून ते जरा घुटमळले. पुतणीनेच फोन लावला आणि मुलाशी स्वतः बोलली. पुढच्या आठवड्यात दोघं रक्त द्यायला जाणार आहेत.