न चालणारे नाणे

इगतपुरीचा पाऊस ओसरला की घराघरांत साफसफाई निघते. गाद्या उन्हात पडतात, कपाटे भिंतीपासून ओढली जातात आणि हमखास काही नाणी हाती लागतात. शिलाई मशीनच्या खणात, गव्हाच्या डब्याच्या तळाशी, जुन्या शेरवानीच्या खिशात. अंगणातल्या गटाराचा गाळ उपसताना काळे पडलेले, ओळखू न येणारे एखादे निघते. चांगले असेल ते लगेच मुलांच्या हातात जाते. वाकडे, झिजलेले किंवा अनोळखी असेल ते खिडकीच्या चौकटीवर पडून राहते. अशा नाण्यांचे पुढे काय होते, याविषयी आज थोडे लिहावेसे वाटले.

आम्ही शाळेत शिकवतो. मुले रस्त्यात सापडलेली नाणी आणून दाखवतात आणि पहिला प्रश्न एकच असतो, ‘हे चालेल का?’ त्यामुळे आम्हालाही या विषयाचा थोडा अभ्यास करावा लागला.

काही नाणी चलनातून गेलेली असतात. आमच्या नानींच्या किल्ल्यांच्या जुडग्यात भोकाचा पैसा होता. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा 1943 पासून सरकारने पैशाच्या मधोमध गोल भोक ठेवून तो पाडला. त्यावर नागरीबरोबर उर्दूतही ‘एक पैसा’ लिहिलेले असे. तेव्हा रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे होत. 1 एप्रिल 1957 पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून बंद झाली. 50 पैशांचे नाणे मात्र आजही कायद्याने चालते, जरी दुकानदार ते घेताना हसत असला तरी.

काही नाणी याहून फार जुनी असतात. आपल्या तालुक्यात उगम पावणारी दारणा गोदावरीला मिळते, त्या संगमाजवळ सिन्नर तालुक्यात जोगलटेंभी हे गाव आहे. तिथे 1906 साली चांदीच्या सुमारे 13,250 नाण्यांचा साठा सापडला. ती क्षत्रप राजा नहपानाची होती. त्याचा पराभव करणाऱ्या गौतमीपुत्र सातकर्णीने त्यांतल्या 9,000 हून अधिक नाण्यांवर आपला ठसा पुन्हा मारून ती चलनात आणली. कित्येक नाण्यांवर नव्या ठशाखालून जुन्या राजाचा चेहरा अजून डोकावतो. असे काही जमिनीत पुरलेले सापडले तर ते सोनाराकडे नेऊ नये. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. जुने नाणे आम्लाने घासून चकचकीत करणेही टाळावे. त्याचा इतिहास त्या घासण्यातच जातो.

खरी अडचण मात्र चालू नाण्यांची आहे. एकाच किमतीची दोन नाणी वेगळी दिसली की लोक एकाला खोटे ठरवतात. वास्तविक आपल्या देशात चार टाकसाळी आहेत आणि नाण्यावरील वर्षाच्या खाली त्यांची खूण असते. मुंबईची चौकट, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, आणि कोलकात्याची काहीच खूण नाही. रुपयाचे नवे चिन्ह 2010 साली आले, म्हणून त्याआधीच्या दहाच्या नाण्यावर ते नाही. दहाच्या नाण्यावर किरणांच्या रेघा दहा हव्यात की पंधरा, यावरून गावोगाव अफवा पसरल्या. शेवटी जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेला जाहीर करावे लागले की दहाच्या नाण्याचे तोपर्यंत निघालेले चौदाही प्रकार वैध आहेत.

अफवेची झळ कोणाला लागते, ते आम्ही बाजारात पाहिले. पाड्यावरून करवंदे घेऊन आलेली एक म्हातारी दुपारी टोपली रिकामी करून मीठ-तेल घ्यायला निघाली. तिच्या पदरात दहाची सात नाणी होती. ज्यांनी करवंदे घेतली त्यांनी ती बिनदिक्कत दिली होती. दुकानदाराने मात्र ‘मावशी, हे चालत नाही’ म्हणून परत केली. दुसऱ्या दुकानातही तेच. आम्ही ती नाणी घेऊन तिला नोटा दिल्या आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानात त्यांपैकी पाच सहज खपली. नाणी तीच होती. आमच्या हातून चालली, तिच्या हातून चालली नाहीत. नोकरदार माणसाशी दुकानदार हुज्जत घालत नाही, एवढाच फरक. त्या बाईची मात्र दिवसभराची कमाई सत्तर रुपये होती.

आता वाकलेली, कापलेली, चेपलेली नाणी. आपले गाव रेल्वेचे. कसारा घाट चढून येणाऱ्या गाडीच्या चाकाखाली नाणे ठेवून ते चपटे करण्याचा खेळ काही मुले खेळतात. पालकांनी हा खेळ सक्तीने थांबवावा. रुळावर जीव जाऊ शकतो, तिथे विनापरवाना जाणे गुन्हा आहे, आणि 2011 च्या नाणे कायद्याप्रमाणे नाणे वितळवणे किंवा नष्ट करणे हाही सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे.

अशी खराब नाणी शेवटी कुठे जातात? जुम्याच्या नमाजनंतर मस्जिदीतला चंद्याचा डबा मोजायला आम्ही अनेकदा बसलो आहोत. मोजून झाल्यावर बाजूला एक छोटा ढीग उरतोच. त्यात बंद झालेले चार आणे असतात, मधला गोल निखळलेले दहाचे नाणे असते, परदेशी नाणे असते, एकदा तर लोखंडी वायसर होता. कोणी हे चुकून टाकले असेल, असे आम्ही मानतो. पण दर वेळी तेवढाच ढीग कसा निघतो? जे दुकानात चालले नाही, रिक्षावाल्याने परत केले, ते डब्यात पडते किंवा दारावरच्या फकिराच्या कटोऱ्यात जाते. डबा बोलत नाही, फकीर तक्रार करत नाही. सूरह बकरामध्ये याच बाबतीत ताकीद आहे: जी वस्तू आपल्याला कोणी दिली तर आपण डोळेझाक केल्याशिवाय घेणार नाही, ती सदक्यासाठी निवडू नका. नाण्याच्या बाबतीत ही कसोटी लावायला एक क्षण पुरतो.

मग अशा नाण्यांचे करायचे काय? रस्ता सोपा आहे. कायद्याने रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात 1,000 रुपयांपर्यंत चालतात, 50 पैसे 10 रुपयांपर्यंत. अट एवढीच की नाणे विद्रूप केलेले नसावे आणि झिजून ठरावीक वजनाहून हलके झालेले नसावे. सर्व चालू नाणी शाखेत स्वीकारावीत, असे रिझर्व्ह बँकेचे बँकांना निर्देश आहेत. शंभर-शंभरच्या पिशव्या करून नेल्या तर कॅशियरलाही सोयीचे पडते. दहाच्या नाण्याविषयी शंका असेल तर 14440 या मोफत क्रमांकावर माहिती ऐकता येते. तो क्रमांक मुलांकडून वहीत लिहून घ्यावा आणि घरातल्या दुकानदार चुलत्या-मामांनाही सांगावा.

रमजानच्या आधी एका संध्याकाळी घरातला गल्ला वर्तमानपत्रावर ओतावा आणि मुलांना सोबत घेऊन तीन ढीग करावेत. बंद झालेली नाणी इतिहास शिकवण्यासाठी ठेवावीत. झिजलेली आणि ज्यांच्याविषयी शंका आहे ती बँकेत न्यावीत. कापलेली, तुटलेली नाणी कोणाच्याही माथी न मारता बाजूला काढावीत, तोटा सोसावा लागला तरी तो आपला. उरतील ती खणखणीत. सदक्यासाठी आणि भाजीवालीच्या हातावर ठेवण्यासाठी नाणे याच शेवटच्या ढिगातून मुलांच्या हाताने उचलावे.