आधी मादी

माळावरच्या गप्पीदासाची ओळख नराकडून नव्हे, मादीकडून सुरू करावी, असे माझे ठाम मत आहे. कवड्या गप्पीदासाचा नर चिमणीहून लहान. पण काळ्याभोर अंगावर पंखातला पांढरा पट्टा आणि शेपटीच्या मुळाशी पांढरा रंग असल्याने बाभळीच्या शेंड्यावर तो दुरूनही कळतो. त्यात पारखण्यासारखे फारसे उरत नाही. मादी मात्र मळकट तपकिरी. हिवाळ्यात पलीकडच्या काटकीवर उत्तरेकडून आलेल्या सायबेरियन गप्पीदासाची मादी असते, खाली धसकटांत चिरकाची मादी हिंडते. या तिघींमध्येच नजरेचा खरा कस लागतो. पाहुणीची पाठ रेघोट्यांची, रंग फिकट, पंखात पांढरा ठिपका. कवड्याच्या मादीची पाठ गडद, बरीचशी एकरंगी, पंखात पांढरे नाही, शेपटीच्या मुळाशी वरून तांबूस. चिरकाच्या मादीचा तांबूस रंग शेपटीखाली, आणि शेपटी बहुधा उभारलेली.

कॅमेरा असताना एवढी पारख कशाला, असे विचारले जाते. पण बसलेल्या कवड्याच्या मादीचे मिटलेले पंख नेमकी ती तांबूस जागा बरेचदा झाकतात. किडा टिपायला ती जमिनीवर झेपावते आणि पुन्हा काडीवर येते, तेवढ्यात ती जागा दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: सवयीवरून जात ठरत नाही, कारण दोन्ही गप्पीदास उंच काडीवर बसतात, शेपटी झटकतात. हे मान्यच आहे; सवय गप्पीदासापर्यंत नेते, पुढचा निवाडा पिसांचा. मात्र पिसेही वर्षभर सारखी नसतात. पाहुण्या नराच्या नव्या पिसांना शरदात बदामी कडा असतात आणि डोक्याचा काळा रंग त्यांखाली दबतो. कडा झिजत गेल्या की वसंतापर्यंत तो उघडा पडतो. म्हणून चित्रातला ठसठशीत नर ऑक्टोबरात शोधणारा गोंधळतो. रेघोट्या आणि फिकेपणा पाहायला शिकलेला सहसा गोंधळत नाही.

शिवाय कवडा गप्पीदास इथेच वीण करतो. बांधाच्या किंवा भिंतीच्या भोकातले घरटे मादी बांधते, अंडीही तीच उबवते. तारेवर गाणारा नर तिथे राहतो एवढेच सांगतो. चोचीत गवताची काडी धरून बांधाच्या भोकात शिरणारी मादी त्या बांधावर वीण चालू असल्याचा पुरावा देते, आणि नांगर फिरण्याआधी असा पुरावा नोंदला जाणे मला फार महत्त्वाचे वाटते.